तासाला बासष्ट

सकाळी सात ते तीन मी लोकांचं रक्त उभं करते.
काचेच्या बारीक नळीत, सरळ, न हलवता,
आणि तासाभरानं बघते, लाल किती खाली बसलं.
दहा-पंधरा मिलिमीटर, तर माणूस बरा.
जास्त, तर अंगात कुठंतरी काही धुमसतंय.
कुठं, ते नळी सांगत नाही.
चुगलीखोर आहे, पण अर्धवट.

अर्ध्या पेठांचं रक्त माझ्या हाताखालून गेलंय.
बाबांचं नव्हतं गेलं.

बाबा तांबट आळीतले. मोरेश्वर करडे.
मठारकाम : हंड्यावर ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ.
आम्ही त्या आवाजात पाढे म्हटले, त्यातच झोपलो,
आवाज थांबला की दचकून जागे व्हायचो.
ठोकून ठोकून तांबं आडमुठं होतं, ते म्हणायचे,
मग भट्टीत लाल करून पुन्हा मऊ आणावं लागतं, नाहीतर चिरतं.
"हातोडी कुणीही मारील. थांबायचं कधी, ते शीक."
मी काहीच शिकले नाही. बी.एस्सी. झाले.

आता धायरीला राहतो, लिफ्टच्या इमारतीत.
चार वर्षं ते विसरतायत.
आधी नावं, मग लिफ्टची बटणं, मग तिसरा मजला.
अल्झायमर. फाइलवर तसं लिहिलंय.
या दिवाळीनंतर मात्र एकदम उतार लागला.
रात्री दोनला उठून भिंतीवर वाटी आपटत बसायचे,
शेजारच्यांनी चिठ्ठी सरकवली दाराखालून.
मला इंदू म्हणाले. इंदूआत्या जाऊन वीस वर्षं झाली.
भाकरीचा घास गालात ठेवून विसरायचे.
आम्ही म्हणालो, आजार वाढला. आजार वाढतोच.
असं म्हटलं की वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं.

एका रविवारी मी सुई घरी आणली.
शीर सापडेना, ज्या दंडाची लांबून दिसायची.
"दुखणार नाही हं," म्हटलं. रोजचं खोटं.

तासाला बासष्ट.
नळी तिरपी असेल म्हणून पुन्हा लावली.
बासष्ट.

तोंडात होतं ते. खालची डावी दाढ, मुळाशी पू.
किती महिने, कुणास ठाऊक.
'दुखतंय' हा शब्दच हरवलेला त्यांचा,
मग दुखणं बिचारं करणार काय,
वाटी आपटत बसलं.

डॉक्टरीणबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर काढून दाखवलं :
मेंदूत राखणदार पेशी असतात, कचरा उचलतात, डागडुजी करतात.
अंगात आग लागली की रक्तातून सांगावा जातो,
हिरडीतून थेट वरच्या मजल्यापर्यंत,
आणि राखणदार बिथरतात.
तिथं आधीच चिकट गुठळ्या साचलेल्या, त्यात हे हातघाईवर.
उचलायचं सोडून घरच तोडायला लागतात.
"असं दिसतं," म्हणाल्या. "दाढेनं आजार दिला असं नाही हं.
होता त्याला वारा घातला असेल. असेल."
तो दुसरा 'असेल' त्यांनी हळू म्हटला.

मला राखणदार दिसले नाहीत.
मला आळी दिसली, रात्रीची,
ऑर्डर संपल्याचं कुणी सांगितलंच नाही,
हंडा पातळ होतोय, काठाला चीर गेलीय,
आणि ठोक्याशेजारी ठोका.

दाढ काढली. गोळ्या दहा दिवस.
नळी पुन्हा भरली. तीस. मग अठरा.
आकडा उतरतो तेवढा माणूस वर येत नाही,
आमच्या रिपोर्टात याला रकाना नाही.
लिफ्टची बटणं परत आली नाहीत. माझं नावही.
रात्रीची वाटी थांबली, तेवढं एक.

परवा मी घाईत डबा भरत होते.
झाकण बसेना, तळहातानं ठोकत होते, ठोकत होते.
खाटेवरून म्हणाले,
"बास. आता हात काढ."

कुणाला म्हणाले, विचारलं नाही.
हात काढला.
तिरप्या झाकणाचा डबा घेऊन रिक्षात बसले,
आणि दांडेकर पुलापर्यंत आमटी पर्सभर झाली.